पाककृति आणि पाठपद्धति

शहरांतील सुशिक्षित घरांत दोन प्रकारचीं पुस्तकें हमखास आढळतात. एक पाककृतींचें आणि दुसरें मुलांना कसें शिकवावें हें सांगणारें. पहिलें स्वयंपाकघरांतील फडताळांत, पिठाचे व हळदीचे हात लागून पिवळें पडलेलें असतें. दुसरें बैठकींतील कपाटांत, पुष्कळदां कोरें करकरीत राहिलेलें. घरांत कोणी शिक्षक वा शिक्षिका असेल तर या दुसऱ्या जातीचीं पुस्तकें एकाहून अधिक असतात. वरवर पाहतां या दोन ग्रंथप्रकारांचा एकमेकांशीं कांहीं संबंध दिसत नाहीं. परंतु दोहोंचा हेतु एकच आहे. दुसऱ्या कोणाला तरी साधलेला प्रयोग त्यांत सांगितलेला असतो, आणि वाचणारा तोच प्रयोग आपल्या चुलीवर किंवा आपल्या वर्गांत करूं पाहतो. भाजी बिघडली तर एका वेळचें जेवण बेचव होतें. शिकविणें बिघडलें तर त्याची किंमत मुलें भरतात, आणि तीहि पुष्कळ वर्षें. म्हणून अशीं पुस्तकें वाचावीं कशीं, याचा विचार अगत्याचा आहे. आणि त्या विचारास घरांतला प्रेशर कुकर हें मोठें सोयीचें साधन आहे.

कुकर आतां इतका घरगुती झाला आहे, कीं त्याचा जन्म शास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून झाला हें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. फ्रान्समधील ब्ल्वा या गांवीं १६४७ सालीं जन्मलेल्या डेनिस पॅपिन या गृहस्थानें शिक्षण घेतलें वैद्यकाचें. परंतु त्याचें मन रमलें तें हवा, वाफ आणि निर्वात यांच्या प्रयोगांत. पॅरिसमध्यें ह्यूगेन्स आणि लंडनमध्यें रॉबर्ट बॉइल अशा दोन थोर शास्त्रज्ञांबरोबर त्यानें काम केलें. १६७९ सालीं त्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें एक यंत्र मांडलें. धातूचें जाड भांडें, त्यावर स्क्रूनें घट्ट आवळलेलें झांकण, आणि आंत कोंडलेली वाफ, असें त्याचें स्वरूप होतें. कठीण हाडेंसुद्धां त्यांत मऊ होत. वाफ अनावर होऊन भांडें फुटूं नये म्हणून पॅपिननें एक झडप योजिली. ती तरफेवर टांगलेल्या वजनानें दाबून धरलेली असे. दाब प्रमाणाबाहेर गेला कीं वजन उचललें जाई आणि जास्तीची वाफ निघून जाई. आजच्या कुकरच्या डोक्यावरील वजन हें त्याच झडपेचें वंशज होय.

पॅपिनची खरी थोरवी त्याच्या प्रयोग करण्याच्या रीतींत आहे. भांड्याच्या आंत उष्णता किती झाली हें मोजण्याचें चांगलें साधन त्याच्यापाशीं नव्हतें. त्यानें झांकणावरील खळग्यांत पाण्याचा थेंब टाकला, आणि तो आटून जाण्यास किती वेळ लागतो हें लंबकाच्या झोक्यांवरून मोजलें. थेंब जितका लवकर आटेल तितकी उष्णता अधिक, हा त्याचा हिशेब. १६८१ सालीं त्यानें या यंत्रावर पुस्तक लिहिलें, त्यांत एकामागून एक प्रयोग नोंदलेले आहेत: भांड्यांत काय घातलें, कोळसा किती जळला, थेंब किती वेळांत आटला आणि पदार्थ कसा निघाला. पुढच्या वर्षीं, १२ एप्रिल १६८२ रोजीं, रॉयल सोसायटीच्या सभासदांना या यंत्रांत शिजविलेलें जेवण मिळालें. जॉन एव्हलिन हा रोजनिशीकार त्या पंक्तीस होता. आठ औंसांहूनहि कमी कोळशावर कठीण हाडें चिजासारखीं मऊ झालीं, याचें त्याला मोठें नवल वाटलें, आणि तें त्यानें लिहून ठेविलें आहे.

भारतांत १९५९ सालीं हॉकिन्स ही कंपनी निघाली, आणि टी. टी. के. समूहानेंहि त्याच सुमारास प्रेस्टिज कुकरचें काम हातीं घेतलें. तेथून पुढें कुकर घरोघर गेला. वरणभात, बटाटे, कडधान्यें हीं त्याच्या स्वाधीन झालीं. आणि त्याबरोबर एक नवी कालगणनाहि स्वयंपाकघरांत आली. भाताला अमुक शिट्ट्या, डाळीला तमुक शिट्ट्या, असें गणित आईकडून मुलीकडे व शेजारणीकडून शेजारणीकडे जाऊं लागलें. तें बहुतेक वेळां जमतेंहि. पण एखादें सहा-सात वर्षांचें मूल ओट्याशीं उभें राहून विचारतें, "आई, शिट्टी कां होते?" आणि कामाच्या घाईंत उत्तर मिळतें, "वाफ बाहेर येते म्हणून. तूं आधीं लांब हो बघूं." उत्तर खोटें नसतें, आणि लांब होण्याची आज्ञाहि योग्यच असते. मात्र वाफ कां कोंडावयाची, कोंडल्यानें काय होतें, आणि ती बाहेर कां सोडावयाची, हे तिन्ही प्रश्न तसेच राहतात. तेंच मूल पुढें सातवी-आठवीला गेलें कीं पाणी शंभर अंशांवर उकळतें असें पाठ करतें, परीक्षेंत लिहितें आणि पूर्ण गुण मिळवितें. महाबळेश्वरीं सहलीला गेल्यावर उघड्या पातेल्यांत डाळ शिजावयास नेहमींपेक्षां अधिक वेळ लागतो, तेव्हां त्याला आपल्या पाठांतराची आठवणहि होत नाहीं.

वास्तविक या सर्वाचें मूळ एकच आहे. पाणी किती अंशांवर उकळावें हें त्याच्यावर पडणाऱ्या दाबावर अवलंबून असतें. समुद्रकांठीं हवेचा दाब पूर्ण असतो, तेथें पाणी शंभर अंशांवर उकळतें. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १३५० मीटर उंच. तेथें हवा विरळ, म्हणून पाणी सुमारें ९५-९६ अंशांवरच उकळूं लागतें. लेह तर सुमारें ३५०० मीटर उंचीवर आहे. तेथें हा आंकडा ८८ अंशांच्या आसपास येतो. उघड्या भांड्यांतील पाणी एकदां उकळूं लागलें कीं जाळ कितीहि वाढविला तरी तें अधिक तापत नाहीं. फक्त लवकर आटतें. कुकरमध्यें याच्या उलट युक्ति केलेली आहे. झांकण घट्ट बसवून वाफ कोंडली, कीं आंतला दाब बाहेरच्या दाबाच्या जवळजवळ दुप्पट होतो आणि पाणी सुमारें १२० अंशांपर्यंत तापतें. उष्णता दहा अंशांनीं वाढली कीं शिजण्याची क्रिया सुमारें दुप्पट वेगानें होते असा एक ढोबळ ठोकताळा आहे. वीस अंशांनीं वेळेंत केवढी बचत होते, हें त्यावरून ताडतां येईल.

शिट्टीचा अर्थहि यांतच आहे. आंतला दाब वजनाला पेलेनासा झाला कीं वजन उचललें जातें, वाफ सुटते, आणि दाब त्या मर्यादेपुढें जात नाहीं. म्हणजे शिट्टी झाली याचा अर्थ एवढाच, कीं कुकर आपल्या पूर्ण उष्णतेस पोंचला. त्यानंतर जाळ मोठा ठेवल्यानें भाजी लवकर शिजत नाहीं; गॅस मात्र अधिक जळतो आणि पाणी वाफ होऊन वायां जातें. पहिली शिट्टी झाली कीं जाळ मंद करावा आणि तेथून पुढें घड्याळाचीं मिनिटें मोजावीं, ही रीति शास्त्राला धरून आहे. शिट्ट्या मोजण्याची रीति घरोघरच्या जाळाप्रमाणें बदलते, आणि म्हणूनच एका घरची पांच शिट्ट्यांची कृति दुसऱ्या घरीं फसते.

आतां एक भाजीच घेऊं. गोव्यांत व दक्षिण कोंकणांत खतखतें नांवाचा अनेक भाज्यांचा दाट रस्सा करतात. कांदा-लसूण नसल्यानें सणावारीं, विशेषतः चतुर्थीच्या दिवसांत, तो नैवेद्याच्या पानांत असतो. उकळतांना होणाऱ्या खतखत आवाजावरून हें नांव पडलें असें मानतात. कुकर घेऊन हा पदार्थ करावयाचा तर सर्व जिन्नस एकदम आंत टाकून चार शिट्ट्या देण्याचा मोह होतो. तसें केल्यास भोपळ्याचा लगदा होतो, कणसाचे दाणे टणक राहतात, आणि रस्सा आंबट असूनहि बेचव लागतो. तेव्हां क्रम ठरवावा लागतो, आणि क्रमाला कारणें असतात.

पांच-सहा माणसांस अर्धी वाटी तुरीची डाळ अर्धा तास भिजवावी. ती, मूठभर शेंगदाणे, मक्याच्या कणसाचे चार-पांच तुकडे आणि सुरणाच्या लहान फोडी हीं कठीण मंडळी प्रथम कुकरमध्यें जावीं. वर दोन बोटें पाणी आणि थोडी हळद. पूर्ण वाफ धरल्यावर मंद जाळावर पांच-सहा मिनिटें पुरतात. कुकर आपोआप निवूं द्यावा; मगच झांकण काढावें. नंतर गाजर, मुळा, रताळें, कच्चें केळें, लाल भोपळा आणि शेवग्याच्या शेंगा घालाव्या. यांच्या फोडी मोठ्या ठेवाव्या, कारण फोड जितकी लहान तितकी उष्णता तिच्या गाभ्यापर्यंत लवकर पोंचते. मीठ घालून झांकण लावावें, वाफ धरली कीं एक-दोन मिनिटांत जाळ बंद करावा. कुकर निवतां निवतांहि शिजणें चालूच असतें. ओलें खोबरें, पांच-सहा सुक्या मिरच्या आणि थोडी हळद यांचें बारीक वाटण करून तें कुकर उघडल्यावरच घालावें. दहा-बारा तिरफळें काळ्या बिया काढून, किंचित् ठेंचून, थोड्या पाण्यासह सोडावीं. तीं वाटूं नयेत. मग लहानसा गुळाचा खडा आणि चार-पांच आमसुलें. उघड्या भांड्यांत पांच मिनिटें मंद उकळी आणली कीं खतखतें तयार.

आमसुलें शेवटीं कां, हा प्रश्न येथें विचारला गेलाच पाहिजे. भाजीच्या पेशी एकमेकींस पेक्टिन नांवाच्या द्रव्यानें चिकटलेल्या असतात. उष्णतेनें तें विरघळूं लागतें आणि भाजी मऊ होते. पाण्यांत आंबट पदार्थ असेल तर ही क्रिया फार मंदावते. आमसूल, चिंच किंवा टोमॅटो आरंभींच घातल्यास बटाटा अथवा सुरण कडक राहण्याचें हेंच कारण. हिरव्या भाज्यांचा रंग कुकरमध्यें कां मळतो, यालाहि आंबटपणाच कारण आहे. भाज्यांतून थोडीं आम्लें सुटतात. उघड्या भांड्यांतून त्यांपैकीं कांहीं वाफेबरोबर निघून जातात, बंद भांड्यांत तीं कोंडून राहतात आणि हिरव्या रंगाला खाकी छटा आणतात. म्हणून श्रावणघेवडा किंवा हिरवे वाटाणे घालावयाचे असतील तर ते शेवटच्या उघड्या उकळीपूर्वीं, वेगळे वाफवून घालावे. जीवनसत्त्वांपैकीं कांहीं पाण्यांत उतरतात. रस्सा टाकून न देतां खाल्ला जातो, हा या पदार्थाचा आणखी एक गुण.

अशा रीतीनें एका भाजींत पदार्थविज्ञान, रसायन, गणित व आरोग्यशास्त्र हीं चारी शास्त्रें येऊन बसलेलीं असतात. पाककृतीच्या पुस्तकांत मात्र "शेवटीं आमसुलें घालावीं" एवढेंच वाक्य असतें. तें वाक्य पाळणाऱ्याची भाजी चांगली होते. त्याचें कारण जाणणाऱ्याला मात्र आमसूल नसतांना चिंच, चिंच नसतांना कैरी, आणि सुरण नसतांना दुसरा कंद घेऊनहि भाजी साधतां येते. आज्ञा पाळणें आणि कारण जाणणें यांतील हा फरकच शिक्षणाच्या नव्या पद्धतींच्या मुळाशीं आहे.

अमेरिकेंतील शिकागो येथें जॉन ड्यूई यांनीं १८९६ सालीं विद्यापीठाची एक प्रायोगिक शाळा सुरू केली. १८९९ सालीं पालकवर्गापुढें त्यांनीं तिच्याविषयीं जीं व्याख्यानें दिलीं, तीं 'द स्कूल अँड सोसायटी' या पुस्तकांत आहेत. त्या शाळेंत मुलें स्वयंपाक करीत. भाज्या कशाच्या बनलेल्या असतात हें त्यांनीं आधीं तपासलें होतें. पुढें अंडें शिजविण्याची वेळ आली, तेव्हां पाणी कोमट, कढत आणि उकळतें असतांना अंड्यांतील पांढऱ्या भागावर काय परिणाम होतो, हें त्यांनीं एकेक करून पाहिलें. एक मूल या लांबणीला कंटाळलें. पुस्तकांतली कृति बघून करून टाकावें, हा खटाटोप कशाला, असें त्याचें म्हणणें पडलें. बाईंनीं त्याला गप्प बसविलें नाहीं. ती पाककृति मुळांत आली कोठून, असें त्यांनीं सगळ्या मुलांना विचारलें. बोलतां बोलतां मुलांनाच कळून आलें, कीं नुसती कृति पाळली तर आपण जें करतों तें कां करतों हें समजणार नाहीं. मग तींच मुलें आनंदानें प्रयोगाला लागलीं. ड्यूई यांचा अभिप्राय असा, कीं सांगितल्यावर अंडें पाण्यांत सोडणें आणि सांगितल्यावर बाहेर काढणें यांत शिक्षण नाहीं. आपल्या इच्छेच्या आड काय येतें आणि तें कसें दूर होतें हें मुलानें शोधलें, म्हणजे शिक्षण होतें.

आपल्याकडील उदाहरण याहून जवळचें आहे. भावनगरचे गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. दक्षिणामूर्ति संस्थेंत आल्यावर त्यांनीं बालशिक्षणाला वाहून घेतलें. त्यांचें 'दिवास्वप्न' हें गुजराती पुस्तक कथारूप आहे. एक शिक्षक प्राथमिक शाळेच्या चौथीच्या वर्गावर नवे प्रयोग करण्याची परवानगी मिळवितो. पहिल्या दिवसाचा कार्यक्रम त्यानें घरीं बसून कागदावर उत्तम आंखलेला असतो. त्यांत प्रथम शांततेचा खेळ असतो. मुलांनीं डोळे मिटून निश्चल बसावें आणि बारीक आवाज ऐकावे, अशी त्याची कल्पना. प्रत्यक्षांत वर्गांत हंशा पिकतो, ओरडा होतो, आणि शिक्षकाला मुलांना घरीं सोडून द्यावें लागतें. शेजारच्या वर्गांचे शिक्षक हंसतात, मुख्याध्यापक नाराज होतात. माँटेसोरीबाईंच्या शाळेंत साधणारा खेळ येथें साधत नाहीं, कारण या मुलांनीं आजवर शाळेंत दरारा आणि गोंगाट या दोहोंखेरीज कांहीं पाहिलेलेंच नसतें. तो शिक्षक आपला कागद बाजूला ठेवतो, मुलांकडे बघतो, आणि दुसऱ्या दिवशीं गोष्ट सांगावयास लागतो. गोष्टीच्या ओढीनें मुलें बसतात, ऐकतात, हजेरी देतात. पुढें त्याच गोष्टींतून वाचन आणि पुस्तकांचा संग्रह उभा राहतो.

या पुस्तकाचा मथितार्थ पुष्कळ वाचकांच्या हातून निसटतो. ते गोष्ट सांगण्याची युक्ति उचलतात आणि पहिल्या दिवशींची फजिती विसरतात. वास्तविक पुस्तकाचें मर्म त्या फजितींत आहे. दुसऱ्याच्या वर्गांत यशस्वी झालेली रीति आपल्या वर्गांत फसली असतां मुलांवर न रागावतां आपला कार्यक्रम बदलणें, ही त्या शिक्षकाची खरी पद्धति. आजहि शिक्षकांच्या हातीं नव्या अध्यापनपद्धतींचीं पुस्तकें पडतात. एखादा उत्साही शिक्षक गटकार्य करवितो, खेळ घेतो, प्रकल्प देतो. पहिल्या आठवड्यांत गोंधळ होतो. मग "हें आपल्याकडे चालणारें नव्हे" असा निष्कर्ष काढून तो पुन्हां फळ्यावर उत्तरें लिहून देऊं लागतो. पुस्तक कपाटांत जातें, आणि त्या वर्षीं त्या वर्गांतील साठ मुलांचे प्रश्नहि त्याच कपाटांत बंद होतात. एक चांगली रीति अशा प्रकारें मरते, आणि ती मेली याची कोठें नोंदसुद्धां होत नाहीं.

महाराष्ट्रांत याच्या उलट घडल्याचें उदाहरण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं घालून दिलें आहे. ताराबाईंनीं भावनगरला गिजुभाईंच्या बरोबर काम केलें होतें. १९४५ सालीं बोर्डी येथें आणि पुढें १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनीं बालशिक्षण गांवकरी व आदिवासी मुलांपर्यंत नेलें. माँटेसोरी पद्धतीचीं साधनें महाग व परकीं. म्हणून त्यांनीं खडे, बिया, पानें, शिंपले अशा भोंवतालच्या वस्तूंतून साधनें केलीं. मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसतांच शाळा मुलांच्या अंगणांत नेली, आणि गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं ती कुरणांतहि नेली. पद्धतीचा गाभा त्यांना कळला होता, म्हणून बाहेरचें रूप बदलण्याचें त्यांना भय वाटलें नाहीं. आमसूल नसेल तर चिंच, हें त्यांना साधलें होतें.

जपानमधील तेत्सुको कुरोयानागी यांच्या 'तोत्तोचान' या १९८१ सालच्या पुस्तकानें मराठी घरांतहि पुष्कळ प्रेम मिळविलें आहे. सोसाकु कोबायाशी यांच्या तोमोए शाळेच्या त्या आठवणी आहेत. मुलांच्या डब्यांत कांहीं डोंगरावरचें आणि कांहीं समुद्रांतलें असावें, असें या मुख्याध्यापकांनीं पालकांना सांगितलें होतें. आहारशास्त्राचे शब्द न उच्चारतां समतोल आहाराचा पाठ त्यांनीं रोजच्या डब्यांत बसविला. एकदां मुलांना शाळेबाहेर नेऊन त्यांच्याकडूनच त्यांनीं भाज्या चिरविल्या आणि उघड्यावर भात व रस्सा शिजवून घेतला. सुरी आणि विस्तव यांपासून मुलांना कायमचें दूर ठेवण्याऐवजीं, तीं जपून हाताळावयास शिकविण्याचा विश्वास त्यांनीं दाखविला.

यावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो, आणि तो पोकळ नाहीं. ड्यूई यांच्या वर्गांत मुलें थोडीं, तोमोए ही लहानशी शाळा. येथें एका वर्गांत साठ विद्यार्थी, डोक्यावर परीक्षा, आणि अभ्यासक्रम संपविण्याची घाई. परंतु १९७२ सालीं मध्य प्रदेशांतील होशंगाबाद जिल्ह्यांत सोळा माध्यमिक शाळांपासून विज्ञानशिक्षणाचा जो कार्यक्रम सुरू झाला, तो साध्या ग्रामीण शाळांतच वाढला. मुलें गटागटानें प्रयोग करीत. शिक्षक ते प्रयोग शिबिरांत आधीं स्वतः करून पाहत. आणि वर्गांत काय फसलें हें शिक्षकांनीं कळविल्यावर 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांत दुरुस्त्या होत. वर्गानें पुस्तक सुधारावें, ही त्या कार्यक्रमाची मोठी शिकवण. २००२ सालीं शासनानें तो बंद केला, तरी तीस वर्षें तो चालला हें विसरतां येत नाहीं. रोज असें शिकविणें कठीण आहे, हें मान्य. महिन्यांतून एक पाठ मात्र कोणत्याहि शिक्षकाच्या आवाक्यांतला आहे.

नव्या पद्धतीचें पुस्तक वाचतांना तीन प्रश्न हाताशीं ठेवावे. लेखकाचीं मुलें कोण होतीं, किती होतीं, आणि कोणत्या घरांतून आलीं होतीं? कोणती अडचण पाहून त्यानें ही युक्ति काढली? आणि ती युक्ति बिथरूं शकेल असें कांहीं आपल्या वर्गांत आधींच मिसळलेलें आहे काय? या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर बहुधा भीति असें येतें. आरंभींच आंबट घातलेल्या रश्श्यांत सुरण कितीहि उकळला तरी लवकर मऊ होत नाहीं. तद्वत् चुकण्याची भीति आधीं बसलेल्या वर्गांत उत्तमांतली उत्तम पद्धतिहि मुरत नाहीं. ती भीति काढण्याचें काम पुस्तक करूं शकत नाहीं. तें शिक्षकालाच करावें लागतें, आणि घरीं आईबापांना.

घरचा आरंभ फार सोपा आहे. दोन प्रयोग तर कोणत्याहि रविवारीं करतां येतील. पहिल्यासाठीं एकाच बटाट्याच्या सारख्या फोडी कुकरच्या दोन भांड्यांत घ्याव्या, दोहोंत सारखेंच पाणी घालावें, आणि एकांत मात्र चिंचेचा कोळ मिसळावा. दोन्ही भांडीं एकाच वेळीं शिजवून फोडी बोटानें दाबून पाहाव्या. दुसऱ्या प्रयोगांत बटाटे दोनदां शिजवावे. दोन्ही वेळां पाणी भरपूर आणि वाटीनें मोजलेलें असावें, आणि पूर्ण वाफ धरल्यापासून मिनिटें सारखीं असावीं. एकदां जाळ मोठा, एकदां मंद. बटाटे दोन्ही वेळां सारखेच मऊ निघतात. उरलेलें पाणी मात्र सारखें नसतें. हें मोजमाप मुलांनींच करावें, आणि त्यांत मुलगा-मुलगी असा भेद करूं नये. जो मुलगा दहा वर्षांचा असतांना सुरण कां कडक राहिला हें शोधतो, तो मोठेपणीं स्वयंपाकाला हलकें काम समजण्याची शक्यता कमी.

जोखमीच्या गोष्टी मोठ्यांनीं आपल्या हातीं ठेवाव्या. कुकर आय. एस. आय. चिन्हाचा असावा. वाफेची नळी प्रत्येक वेळीं उजेडाकडे धरून मोकळी आहे ना हें पाहावें. रबराची कडी चिरलेली असल्यास बदलावी. भांडें दोनतृतीयांशांहून अधिक भरूं नये. फेंसाळणाऱ्या डाळी व कडधान्यें असतील तर अर्ध्याहूनहि कमी ठेवावें. दाब पूर्ण उतरल्याखेरीज झांकणास हात लावूं नये. मात्र यांतील प्रत्येक नियमाचें कारण मुलाला सांगावें. नळी बुजली तर वाफ कोठून जाईल, असें त्यालाच विचारावें. कारण कळलेला नियम मूल आई घरांत नसतांनाहि पाळतें.

शिक्षक असलेल्या वाचकांनीं हाच पाठ शाळेंत न्यावा. त्याला कुकर लागत नाहीं. दोन पातेलीं, एक स्टोव्ह, चार बटाटे आणि थोडी चिंच एवढ्यानें साठ मुलांच्या वर्गांत वाद माजूं शकतो. आणि वाद माजला कीं शिकणें सुरू झालें असें समजावें. मुलें चुकीचें कारण सांगतील. कोणी म्हणेल चिंचेनें पाणी थंड होतें, कोणी म्हणेल बटाटाच जुना होता. त्या प्रत्येक कारणाची परीक्षा कशी घ्यावयाची, हें पुन्हां मुलांनाच विचारावें. तास संपेल, उत्तर कदाचित् हातीं लागणार नाहीं, आणि पुढचा धडा एक दिवस मागें पडेल. तेवढा दिवस दिलेला बरा.

आणि घरीं पहिल्या खेपेस खतखतें बहुधा थोडें अधिक शिजेल, भोपळा रश्श्यांत हरवून जाईल. तसें झालें तर कोणास बोल लावूं नये. किती मिनिटें ठेविलें, फोडी केवढ्या होत्या, पाणी किती होतें, हें मुलाच्या हातानें वहींत लिहवून घ्यावें, आणि पुढच्या वेळीं एक मिनिट कमी करून पाहावें.